पिक्चर ट्यूबवर टच का रुळला नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "टचस्क्रीनचा शोध १९६५ मध्ये, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या जमान्यातच लागला होता असं वाचलं. मग तो सगळ्यांच्या हातात यायला चाळीस वर्षं का लागली? शोध नक्की कोणाचा मानायचा? आणि माझ्याकडे ट्यूबचा एक चालू मॉनिटर पडून आहे, त्यावर टच बसवता येईल का?"

प्रश्न तीन दिसतात, पण मूळ एकच आहे. "तेव्हा महाग होतं" हे नेहमीचं उत्तर खोटं नाही, पण त्याने फारसं काही कळत नाही. मी बरीच वर्षं ट्यूबचे टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त केले, नंतर टच पॅनेलच्या कामात शिरलो. दोन्हीकडचं पाहून माझं मत असं झालंय की बोट कुठे टेकलं हे ओळखणं फार आधीपासून जमत होतं. पंचाईत चित्राची होती. ट्यूबवरचं चित्र एका जागी पक्कं बसलेलं नसतं. ज्याच्याशी बोटाची जागा जुळवायची ते खालचं चित्रच हलतं, म्हणजे हिशेब पहिल्यापासूनच चुकणार.

आधी ट्यूब. मागच्या गनमधून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो, मानेवरचा योक (तारांचं वेटोळं) त्याला आडवा-उभा फिरवतो आणि काचेच्या आतल्या फॉस्फरवर झोत जिथे आदळतो तिथे ठिपका उजळतो. ६२५ ओळींच्या टीव्हीत एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, त्यातले ५२ दिसणारे. २० इंची टीव्हीचं चित्र साधारण ४० सेंटिमीटर रुंद. म्हणजे तो ठिपका काचेवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पळतो. अमुक रंग अमुक जागी दाखव, असं ट्यूबला कोणी सांगतच नाही. आत्ता उजळ, आत्ता मंद हो, एवढंच तिला कळतं. तो क्षण पडद्यावर कुठे उमटेल हे योकचा करंट, ईएचटी (झोताला वेग देणारं हजारो व्होल्टचं व्होल्टेज) आणि आसपासची चुंबकीय क्षेत्रं मिळून ठरवतात.

हे असं का आहे, ते ट्यूबच्या जन्मातच आहे. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये स्ट्रासबुर्गला ही नळी बनवली ती विजेच्या लहरी डोळ्यांनी बघता याव्यात म्हणून. ते मोजमापाचं यंत्र होतं, आजच्या ऑसिलोस्कोपचा पूर्वज. चित्रासाठी ती वापरायची कल्पना नंतरची. रशियात बोरिस रोझिंग यांनी १९०७ मध्ये चित्र दाखवायच्या बाजूला ब्राउनची नळी घेतली. जपानमध्ये केनजिरो ताकायानागी यांनी १९२६ मध्ये एक जपानी अक्षर ट्यूबवर उमटवलं, पण कॅमेऱ्याच्या बाजूला अजून फिरती चकती होती. १९२७ मध्ये फिलो फार्न्सवर्थ यांनी कॅमेराही पूर्ण इलेक्ट्रॉनिक केला, आणि १९२९ मध्ये व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी किनेस्कोप ही चित्र दाखवणारी ट्यूब दाखवली. यातल्या कोणाला "टीव्ही ट्यूबचा जनक" म्हणायचं यावर लोक तावातावाने भांडतात. प्रत्येकाने आधीच्याची एकेक अडचण सोडवली. तुम्हाला त्यातली कोणती अडचण मुख्य वाटते, त्यावर उत्तर बदलतं.

रंगीत ट्यूबबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. भिंगातून रंगीत ट्यूब पाहिली की लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी दिसते आणि आपण समजतो हेच पिक्सेल. तसं नाही. काचेच्या आत, फॉस्फरच्या थोडं मागे, असंख्य बारीक छिद्रांचा पातळ पत्रा असतो, त्याला शॅडो मास्क म्हणतात. तीन गनचे तीन झोत एकाच छिद्रातून किंचित वेगळ्या कोनांत जातात, म्हणून लालचा झोत लालच ठिपक्यावर पडतो. असा झोत गाळण्याची कल्पना जर्मनीत वेर्नर फ्लेक्सिग यांच्या १९३८ च्या पेटंटमध्ये आहे, तिथे पत्र्याऐवजी तारा होत्या. चालणारी ट्यूब आरसीए या अमेरिकन कंपनीने १९५० मध्ये दाखवली आणि १९५४ मध्ये बाजारात आणली.

ती बनवण्यातली खरी गंमत ठिपके छापण्यात होती. लाखो छिद्रांसमोर बरोबर तीन-तीन ठिपके हाताने बसवणं अशक्य. आरसीएच्या हॅरल्ड लॉ यांनी युक्ती काढली: इलेक्ट्रॉनचा झोत जिथून वळल्यासारखा दिसणार, बरोबर तिथे दिवा ठेवायचा आणि त्याच मास्कमधून उजेड पाडून प्रकाशाला संवेदनशील लेपावर ठिपके उठवायचे. एक रंग झाला की दिवा थोडा सरकवायचा आणि दुसरा. म्हणजे प्रत्येक मास्क स्वतःसमोरच्या काचेवर स्वतःचीच ठिपक्यांची नक्षी छापतो, आणि मग ती जोडी कधी मोडायची नाही. एका मास्कला त्याच कारखान्यातली दुसरी काच चालत नाही. मला विचाराल तर ट्यूबच्या इतिहासातला सगळ्यात हुशार शोध हाच, आणि त्याचं नाव फार कमी जणांना माहीत असतं.

पुढचे शोध बहुतेक या मास्कच्याच दुखण्यांवरचे. मास्क झोताचा मोठा भाग, ८० टक्क्यांच्या आसपास, स्वतःच अडवतो. म्हणून चित्र अंधुक. लाल फॉस्फर सगळ्यात लंगडा होता, तो १९६४ मध्ये युरोपियम घातलेल्या इट्रियम व्हॅनेडेटने सुधारला. १९६८ मध्ये सोनीने ट्रिनिट्रॉनमध्ये छिद्रांच्या जागी उभ्या ताणलेल्या पट्ट्या आणल्या. त्या थरथरू नयेत म्हणून घातलेल्या आडव्या तारेची बारीक सावली त्या ट्यूबवर नीट बघितलं तर दिसतेच. आणि अडवलेल्या झोताची उष्णता कुठे जाणार? मास्क तापतो, फुगतो, छिद्रं सरकतात, पांढऱ्या भागावर रंगाचे डाग येतात. त्यावर उपाय म्हणून पुढे मास्क इन्व्हार या जवळपास न प्रसरणाऱ्या मिश्रधातूचे आले.

आता मूळ मुद्दा. मास्कने रंगाची जागा पक्की केली, चित्राची नाही. झोत कोणत्या छिद्रांवरून जातोय याचं सिग्नलला काही घेणंदेणं नसतं. चित्र त्या जाळीवर तरंगत असतं. रुंदीचं बटण फिरवलं की तेच अक्षर शेजारच्या ठिपक्यांवर जातं, तरी रंग बरोबरच राहतात.

आणि ते सारखं सरकत असतं. हे बघायचं असेल तर ट्यूबच्या मॉनिटरवर पांढऱ्या रेषांची चौकट लावा, मध्ये काळं. मग मधला भाग एकदम पांढरा करा. चौकट किंचित बाहेर फुगते. आमच्यात याला चित्र श्वास घेतंय म्हणतात. कारण सरळ आहे: पांढऱ्याला करंट जास्त लागतो, ईएचटी थोडा बसतो, इलेक्ट्रॉन हळू होतात आणि हळू इलेक्ट्रॉनला योक जास्त वळवतो. ईएचटी २ टक्के बसला तर चित्र साधारण १ टक्का वाढतं. १४ इंची मॉनिटरवर, २७-२८ सेंटिमीटर रुंदीत, कडेला दीडेक मिलिमीटर. चांगल्या मॉनिटरमध्ये हे सांभाळून घेणारं सर्किट असतं, थकलेल्यात ते आकडे वाढतात. शिवाय मॉनिटर गार असताना आणि तापल्यावर चित्र वेगळ्या जागी बसतं. रिझोल्यूशन बदललं की आणखी वेगळ्या. भरीला समोरची काच सेंटिमीटरभर जाड. उभ्या माणसाने तिरकं पाहिलं की काचेच्या आतलं बटण आणि काचेवरचं बोट यांत तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. टचच्या कंट्रोलरला यातलं काहीच माहीत नसतं. तो काचेवरची जागा मोजतो, आणि ती बरोबरच मोजतो.

ट्यूबच्या काळात एक साधन या भानगडीतून सुटलं होतं, ते म्हणजे लाइट पेन. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकाच्या काळापासून, १९५० च्या दशकापासून ते होतं. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅडमध्ये त्यानेच पडद्यावर रेषा ओढून दाखवल्या. पेनच्या टोकात फक्त प्रकाश ओळखणारा डोळा. संगणक कोणता ठिपका काढत असताना पेनला उजेड दिसला, यावरून जागा कळायची. म्हणजे जागा इथेही वेळेवरूनच. चित्र सरकलं तर उजेडही सरकतो आणि पेन त्याच्याबरोबर बरोबरच राहतं. वेळ मात्र काटेकोर हवा. ६४० बाय ४८० च्या मॉनिटरवर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ४० नॅनोसेकंद, पेनच्या सर्किटने मायक्रोसेकंदभर उशीर केला की २५ पिक्सेलचा घोटाळा. काळ्या भागावर पेन आंधळं, आणि हात सतत वर धरून खांदा दुखतो. जुन्या व्हिडिओ गेमची बंदूकही झोताच्या उजेडावरच चालायची. ती आताच्या टीव्हीवर का चालत नाही, याचं उत्तर हेच: तिथे पळणारा झोतच नाही.

बोटाला मात्र डोळा नसतो. म्हणून टचवाल्यांना जागा दुसऱ्या वाटेने शोधावी लागली.

ई. ए. जॉन्सन इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये होते. १९६५ मध्ये त्यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी टच डिस्प्लेबद्दल लिहिलं. ट्यूबच्या तोंडावर ठरावीक जागी तांब्याच्या तारा, बोट लागलं की तारेचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलतो, कोणती तार ते कळतं. त्या तारेशेजारी काय लिहायचं ते संगणक बदलत राहतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्प यांनी पारदर्शक काचेवर अशीच १६ बटणं केली, आणि पुढे तिथल्या मोठ्या प्रवेगकाचं (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचं) नियंत्रण त्यावरून चाललं. दोघांनीही हलत्या चित्राचा प्रश्न टाळला, आणि शहाणपणाने टाळला. बटण इतकं मोठं ठेवलं की दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी बिघडू नये.

त्याच काळातला प्लेटो-४ माझ्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. इलिनॉय विद्यापीठातली ही शिकवण्याची संगणक यंत्रणा, १९७२ ची. कडेला इन्फ्रारेड दिवे आणि डोळे, १६ बाय १६ चौकोन. पण पडदा ट्यूबचा नव्हता, नारिंगी प्लाझ्मा होता, ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, आणि प्रत्येक ठिपका काचेतच घडवलेला. चित्र हलायचा प्रश्नच नाही. एक टच-चौकोन म्हणजे बरोबर ३२ बाय ३२ ठिपके, कॅलिब्रेशन, म्हणजे टचची जागा चित्राशी जुळवणं, असं काही करायची गरजच नाही.

याउलट १९८३ च्या एचपी-१५० ने तेच इन्फ्रारेड तंत्र ९ इंची ट्यूबभोवती लावलं. कडेच्या छिद्रांत धूळ बसायची, ती साफ करावी लागायची. आणि इन्फ्रारेडची किरणं सरळ, ट्यूबचं तोंड फुगीर. ज्या ज्या फुगीर ट्यूबवर मी अशी फ्रेम पाहिली, तिथे कोपऱ्यांत किरण काचेपासून बरीच पुढे. बोट टेकायच्या आधीच टच लागतो. वापरणाऱ्याला वाटतं मशीन भुताटकीचं आहे.

रेझिस्टिव्ह टच, म्हणजे दाबल्यावर दोन वाहक थर एकमेकांना टेकून जागा सांगणारा, तो सॅम्युअल हर्स्ट यांचा. केंटकी विद्यापीठात १९७१ मध्ये त्यांना आलेखांवरचे आकडे भराभर संगणकात घ्यायचे होते, पडद्याचा संबंध नव्हता. पारदर्शक नंतर झालं, आणि ट्यूबच्या गोलाईवर बसेल अशी वक्र काचही त्यांच्याच कंपनीने काढली. यातला चार-तारी आणि पाच-तारी हा फरक दुरुस्तीवाल्याला लगेच कळतो. चार-तारीत एक दिशा खालच्या काचेवरून मोजतात, दुसरी वरच्या लवचिक थरावरून. वरचा थर रोज दाबला जातो, त्यावरचा वाहक लेप तडकतो आणि बोट इकडे, खूण तिकडे अशी तक्रार येते. कॅलिब्रेट केलं की दोन दिवस बरं, पुन्हा तेच. पाच-तारीत दोन्ही दिशांची मापं खालच्या स्थिर काचेवर, वरचा थर फक्त टेकतो आणि व्होल्टेज उचलतो. तो खरवडला तरी माप सहसा ढळत नाही, फार तर तेवढी जागा मरते. रोजच्या हाणामारीच्या जागी पाच-तारीच घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

एक माणूस तर ट्यूब आणि टच दोन्हींत आहे. झेनिथ या टीव्ही कंपनीचे रॉबर्ट अ‍ॅडलर. १९५६ चा अल्ट्रासाउंडवर चालणारा टीव्ही रिमोट त्यांचा, आणि नंतर काचेवरून अल्ट्रासाउंड सोडून बोट शोधायच्या तंत्रावरही त्यांनी काम केलं. काचेच्या पृष्ठभागावरून लहर सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगाने जाते, कडेच्या बारीक रेघांवरून परावर्तित होऊन परत येते, आणि बोट टेकलं तिथे ती शोषली जाते. परत आलेल्या सिग्नलमध्ये किती वेळाने खड्डा आला, त्यावरून जागा. पुन्हा वेळ! काचेवर कसलाच थर नाही, म्हणून ट्यूबचं चित्र स्वच्छ दिसायचं. पाण्याचा थेंब पडला तर मात्र तो बोटच समजतो.

मग अनेक बोटांचा टच? तोही ट्यूबवर झाला होता. १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये बॉब बोई यांनी ट्यूबवर बसवलेला पारदर्शक कपॅसिटिव्ह पडदा अनेक बोटं ओळखायचा. पण कपॅसिटिव्ह टचला मोजायचा असतो अगदी बारीक बदल, आणि ट्यूबच्या तोंडाशी २०-२५ हजार व्होल्टचं स्थिर विद्युत क्षेत्र आणि आडव्या स्कॅनचा सततचा विद्युत गोंगाट. चुलीशेजारी थर्मामीटर ठेवून ताप मोजण्यातला प्रकार.

आतापर्यंतचं जोडून बघा. बोट शोधायचे जवळपास सगळे मार्ग १९८५ पर्यंत तयार होते. नव्हतं ते स्थिर चित्र, पातळ काच आणि शांत शेजार. एलसीडीने हे तिन्ही दिलं. पिक्सेल काचेवर कोरलेला, तो उन्हाळ्यात-थंडीत, काळ्या-पांढऱ्यावर तिथेच. त्यावर कारखान्यातच ओळी-स्तंभांची अदृश्य जाळी चिकटवायची, प्रत्येक ओळ-स्तंभ जोडी वेगळी मोजायची, म्हणजे दोन बोटांची गल्लत होत नाही. हे सगळं सेकंदाला अनेकदा मोजणारे स्वस्त, छोटे कंट्रोलरही तोवर आले. फिंगरवर्क्स ही कंपनी बोटांच्या खुणा ओळखणारे पॅड विकत होती, ती २००५ मध्ये अ‍ॅपलने घेतली, आणि २००७ च्या आयफोनपासूनचं तुम्हाला माहीतच आहे. रेझिस्टिव्ह टचचा आयबीएम सायमन हा फोन मात्र १९९४ मध्येच आला होता. तेव्हा पहिला कोण, यापेक्षा कशाचा पहिला हे विचारा: ट्यूबवरच्या कपॅसिटिव्ह टचला जॉन्सन, दाबाच्या टचला हर्स्ट, आणि इन्फ्रारेडला प्लेटोवाले.

आता तुमचा मॉनिटर. बसवता येईल, पण कशासाठी त्यावर अवलंबून. मोठी बटणं, प्रदर्शनातली माहिती, जुने गेम असं काही असेल तर जमेल. चित्र काढायचं, बारीक अक्षरांवर टेकायचं असेल तर नाद सोडा. एलसीडीसाठीचं रेझिस्टिव्ह पॅनेल किंवा कपॅसिटिव्ह फिल्म घेऊ नका: पहिलं फुगीर काचेवर बसत नाही, दुसरीला गोंगाट सोसत नाही. ४:३ मापाची यूएसबीवर चालणारी इन्फ्रारेड फ्रेम बाहेरून लावा. त्यासाठी मॉनिटर उघडावा लागत नाही, आणि उघडूही नका. बंद केल्यावरही ट्यूबच्या अ‍ॅनोडवर चार्ज राहतो, आणि आत निर्वात पोकळी असल्यामुळे काच फुटली तर तुकडे उडू शकतात. तोंड सपाट असेल तर उत्तम. थेट ऊन पडेल अशी जागा टाळा, ऊन इन्फ्रारेडच्या डोळ्यांत जातं.

कॅलिब्रेशन मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मग करा, जे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट वापरणार त्यातच करा, आणि ज्या उंचीवरून वापरणार त्याच उंचीवरून बघत करा. बटणं किमान दोन सेंटिमीटरची ठेवा आणि अगदी कोपऱ्यात एकही ठेवू नका.

फ्रेम विकत घेण्याआधी एक चाचणी. मघाची रेषांची चौकट लावा, काचेवर तिच्या कडेला कागदी टेप चिकटवा, मधला भाग काळा-पांढरा आलटून पालटून करा आणि रेषा टेपपासून किती सरकते ते पट्टीने मोजा. मिलिमीटर-दीड मिलिमीटर चालेल. तीनच्या वर जात असेल तर मॉनिटरचा ईएचटी सांभाळणारा भागच थकलाय. तो आधी जाणकाराकडून बघून घ्या, फ्रेमचे पैसे नंतर घाला.